पिंप मी उघडलं होतं

सुधाकर,

तुझ्या शोकसभेत तूही बोललास. बाकीच्यांची भाषणं झाल्यावर अनुजा उठली, "बाबांचा आवाज ऐकवते" म्हणाली आणि तिने फोन माइकपाशी धरला. बेल्जियममधल्या ज्या म्हाताऱ्या गृहस्थांना तू बीअरबद्दल सारखा पिडायचास, त्यांना पाठवलेला तो तुझा निरोप होता. तुझं ते बंदरावरचं इंग्रजी, मधेच खोकला, मागे नलिनीवहिनींच्या कुकरची शिट्टी. शिट्टी वाजली तेव्हा लोक हसले आणि लगेच रुमाल शोधू लागले.

तू त्यांना सांगत होतास की बीअरचं पिंप गेलं. सगळ्याचा व्हिनेगर झाला. "चूक माझीच, आलुबुखार माझ्या हातून नीट धुतले गेले नसणार." आणि मग म्हणालास, "मी हॉस्पिटलात होतो तेव्हा माझा मित्र, माझा चीफ, रोज जाऊन त्या पिंपापाशी बसत होता. माझ्यापेक्षा जास्त काळजी त्याने घेतली. त्याच्या हातून वाचलं नाही म्हणजे ते वाचण्यासारखं नव्हतंच."

हॉलमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, किती केलंत हो तुम्ही." मी हात जोडले आणि मान खाली घातली. लोकांनी त्याचा अर्थ विनय असा घेतला.

पिंप मी उघडलं होतं, सुधाकर. एकदाच नाही, रोज. आलुबुखारात काही दोष नव्हता, तुझ्या हातांत तर मुळीच नव्हता. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहा असं मला सांगितलं गेलं आहे, आणि त्या हॉलमध्ये बसलेल्या बहुतेकांच्या घरी हा अंक जातो. म्हणून इथेच लिहितो. तुझ्यापर्यंत यातलं काही पोचणार नाही हे मला समजतं. पण दुसऱ्या कोणाकडे तोंड करून हे बोलता येत नाही.

अँटवर्पच्या ड्रायडॉकमध्ये आपली बोट अडकून पडली तेव्हा आपण दोघंही तिशीत होतो. मी चीफ इंजिनीअर, तू सेकंड. दुरुस्ती लांबत गेली आणि एका रविवारी मिळेल ती बस पकडून आपण शहराबाहेर गेलो. एका घराच्या पुढच्या खोलीत टेबलं टाकून एक म्हातारी बाई बीअर विकत होती. तिने दगडी सुरईतून जांभळट लाल काहीतरी ओतलं. मी एक घोट घेतला आणि म्हणालो, "हा व्हिनेगर आहे." तू डोळे मिटून बसला होतास. थोड्या वेळाने म्हणालास, "चीफ, आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी कोकमाचं आगळ काढायचे ना, त्या दिवशी अंगणात असा वास यायचा."

शेजारच्या टेबलावरच्या एकाला थोडं इंग्रजी येत होतं. त्याने समजावलं की इथे यीस्ट विकत आणत नाहीत. गहू आणि बार्लीचा उकळलेला काढा हिवाळ्यात माळ्यावर मोठ्या उथळ कढईत उघडा ठेवायचा आणि हवेतून जे पडेल ते पडू द्यायचं. मग लाकडी पिंपात भरून वर्ष, दोन वर्षं. मग त्यात आलुबुखार घालायचे, आणि पुन्हा वाट बघायची. बोटीवर परत येईपर्यंत तू एकच वाक्य फिरवून फिरवून बोलत होतास. "म्हणजे हे लोक काही करतच नाहीत, चीफ. नुसते थांबतात."

मला त्यात नवल वाटलं नाही, उलट थोडी कीवच आली. आपल्या धंद्यात थांबायला जागा नव्हती. इंजिनरूममध्ये जे आपोआप होतं ते वाईटच होतं.

आपण दोघं कसे होतो ते वाचणाऱ्यांना कळावं म्हणून एक सांगतो. बोटीवर रोज सकाळी टाक्या मोजायच्या असतात. पाइपातून दांडी खाली सोडायची, ती कुठवर ओली झाली ते बघायचं. त्याला साउंडिंग म्हणतात. ते काम तुझं होतं. तू मोजून गेलास की मी मागून जाऊन पुन्हा मोजायचो. एक दिवस तू पायऱ्यांवर उभा राहून माझी वाट बघत होतास.

"चीफ, माझा आकडा चुकला होता का?"

"नाही."

"कधी चुकला होता का?"

"नाही रे. खात्री केलेली बरी."

"बरोबर," म्हणालास. "तुमची खात्री होते ना, मग झालं." आणि हसत निघून गेलास. तेव्हा तू मला अहो-जाहो करायचास. पुढे तूही चीफ झालास, आपण अरे-तुरेवर आलो, पण मला चीफ म्हणणं काही तू सोडलं नाहीस. त्यात आदर किती आणि टोमणा किती हे मी कधी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर दोघंही मायदेशी न परतता इथेच, या बेटावरच्या शहरात राहिलो. मी बेडोकच्या जुन्या फ्लॅटमध्ये, तू थोडं पुढच्या कॉन्डोमध्ये. माझी बायको कुमुद गेल्यावर मी दारं लावून घेऊन बसलो होतो. मुलगा ऑस्ट्रेलियाहून येऊन परत गेला होता. तू समाचाराला येऊन गेलास, आणि दुसऱ्या आठवड्यात फोन केलास. "चीफ, उद्यापासून दुपारी माझ्याकडे यायचं. ती अँटवर्पची बीअर करतोय. फनेल धरायला माणूस पाहिजे." फनेल धरायला माणूस लागत नाही हे मला माहीत होतं. तरी आलो. त्या दुपारी नसत्या तर माझं काय झालं असतं याचा विचार मी अजूनही पूर्ण करत नाही.

पहिला प्रयत्न आठवतो? तू मोठं पातेलं बाल्कनीत उघडं ठेवलंस, त्या बाईच्या माळ्यासारखं. इथे कसली थंडी आणि कसला माळा. चार दिवसांत त्याला कुजक्या कोबीचा वास सुटला. वरच्या मजल्यावरून तक्रार गेली आणि सिक्युरिटीचा माणूस दारात उभा. "सर, गॅस लीक?" नलिनीवहिनी आतून म्हणाल्या, "नो नो, हजबंड लीक." तू इतका हसलास की त्याला उत्तर मलाच द्यावं लागलं.

मग तू दुसरी वाट काढलीस. बोटीवर तुझ्या हाताखाली असलेल्या एका पोराकरवी बेल्जियमहून बाटल्या मागवल्यास. वरची बीअर आपण प्यायलो आणि तळाचा गढूळ गाळ तू काढ्यात ओतलास. त्या गाळात त्या मुलखातलं सगळं जिवंत असतं, म्हणालास. मी म्हटलं, "ही लबाडी झाली. त्या बीअरला तिथली हवा लागते. हवा आणता येत नाही."

"विरजण आणता येतं, चीफ."

"विरजण म्हणजे हवा नव्हे."

"आमच्या घरातलं दही कुठलं? नलूने लग्नानंतर पुण्याहून डबीत विरजण आणलं, ते अजून चालू आहे. मग ते दही पुण्याचं की बेडोकचं?"

"दह्याचं वेगळं."

"काय वेगळं?"

वहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "माझ्या दह्याला तुमच्या दारूत ओढू नका!" वाद तिथे थांबला. पुढे कितीतरी वेळा आपण तो उकरून काढला आणि दर वेळी तू विचारायचास, "काय वेगळं, ते सांग." मी विषय बदलायचो. आता वाटतं, वेगळं काहीच नव्हतं. हे तुला तेव्हाच कबूल केलं असतं तर माझं काय जाणार होतं?

बंद पडलेल्या एका कॉफी शॉपमधला काचेच्या दाराचा चिलर तू घरी आणलास, त्याचा कॉम्प्रेसर दुरुस्त केलास आणि तो बॉम्ब शेल्टरमध्ये, इथल्या घरांत सरकारी नियमाने बांधलेल्या जाड भिंतींच्या खोलीत, उभा केलास. घराघरांतून बॉम्ब शेल्टरमध्ये तांदूळ, सुटकेस आणि मोडके पंखे असतात, तुझ्या घरी त्या चिलरमध्ये ओकचं छोटं पिंप आलं. पिंपाच्या वरच्या अंगाला बूच आणि खाली एक लाकडी तोटी. वर्षभर आपण काही केलं नाही. तू दार उघडून चिलरच्या तापमानाचा आकडा बघायचास आणि दार लावायचास. मी विचारायचो, "आत काय चाललंय?" तू म्हणायचास, "चाललंय."

आलुबुखार आणायला आपण बेडोकच्या बाजारात गेलो तो दिवस माझ्या फार जवळचा आहे. तुला आंबट हवे होते आणि ते कळण्याचा तुझा एकच मार्ग होता. फळवाल्या आंटीने बराच वेळ सहन केलं, मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अंकल, यू ईट हाफ माय शॉप ऑलरेडी. बाय ऑर नॉट बाय?" तू तिला विचारलंस, "आंटी, यू गॉट मोअर सावर?" ती म्हणाली, "यू वाँट सावर, यू लुक ॲट युअर फ्रेंड फेस, लाह." माझ्याकडे बोट दाखवून! परतीच्या बसमध्ये तू पुन्हा पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत होतास आणि पिशवी मांडीवर धरून हसत होतास.

मग जेवणाच्या टेबलावर कागद पसरून आपण ते धुतले, पुसले आणि चिरले. एकेक फळ तू नळाखाली धरून अंगठ्याने चोळत होतास. मी समोर बसलो होतो, मी पाहिलं आहे. म्हणून सांगतो, ते नीट धुतले गेले होते. फोडी बुचाच्या भोकातून एकेक करून आत सोडल्या. बोटं जांभळी झाली. वहिनींनी चहा आणून ठेवला आणि म्हणाल्या, "दोन म्हातारे बाळंतिणीसारखं जपतायत त्या पिंपाला." तू बूच ठोकून बसवलंस आणि त्यावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिलास. तुझ्या पंच्याहत्तरीला ते फोडायचं असं तू मंडळात सगळ्यांना सांगून टाकलं होतंस.

आणि मग तुझी बायपास ठरली.

ॲडमिट होण्याच्या आदल्या दुपारी तू मला बोलावलंस. खालच्या तोटीतून एक ग्लास काढलास. आलुबुखार घालून तेव्हा काही महिने झाले होते. उजेडात धरलास, वास घेतलास आणि आधी माझ्या हातात दिलास. मी घोट घेतला. इतकी वर्षं मी जिला व्हिनेगर म्हणत आलो ती चव पहिल्यांदा मला समजली. आधी आंबट, मग फळ, मग लाकूड, आणि घोट संपल्यावर पुन्हा फळ. तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. "आंटी बरोबर म्हणाली होती," म्हणालास, "पण आज चेहरा जरा सुधारला आहे." मग उरलेला ग्लास तू प्यायलास आणि डोळे मिटून बसलास, तसाच, त्या रविवारी बसला होतास तसा.

त्या दिवशी ती बीअर उत्तम होती. तू जे करायला निघाला होतास ते तू केलं होतंस, इथे, विषुववृत्तापाशी, एका बॉम्ब शेल्टरमध्ये. हे माहीत असलेली माणसं दोनच होती. आता एकच आहे. म्हणून आधी एवढं नोंदवून ठेवतो, बाकीचं मग.

तू किल्ली माझ्या हातात दिलीस. "रोज येऊन चिलरचा आकडा बघायचा, दार लावायचं. बाकी काही करायचं नाही. बूच काढायचं नाही, चीफ. वर पांढरी साय धरली आहे, ते त्याचं झाकण. ती मोडली की हवा शिरते आणि मग कोणाच्या बापाला थांबत नाही, व्हिनेगरच." मी म्हटलं, "समजलं रे." तू म्हणालास, "तू तू आहेस, म्हणून सांगतो. उघडावंसं वाटलं तर आधी मला विचार."

ऑपरेशन झालं, मग जखमेत संसर्ग झाला आणि तुझा मुक्काम लांबला. वहिनी दिवसभर हॉस्पिटलात. मी रोज तुझ्या रिकाम्या घरात यायचो, आकडा बघायचो, थोडा वेळ बसून निघायचो. एक दिवस पिंपाच्या खाली ओलं दिसलं. पिंप गळतंय, ही एकच गोष्ट माझ्या डोक्यात आली. थंड लाकडावर इथल्या दमट हवेचं पाणी धरतं हे मी जन्मभर पाइपांवर बघितलं आहे. कुठल्याही फिटरने सांगितलं असतं. पण माझ्या डोक्यात पिंप गळत होतं, तू आयसीयूत पडला होतास, आणि पातळी किती उतरली ते कोणीतरी बघायला हवं होतं.

घरी जाऊन बारीक स्टीलची सळई घेऊन आलो. ती उकळून घेतली, स्वच्छ पुसली. बूच काढलं आणि साउंडिंग घेतलं.

पातळी ठीक होती. सळईला पांढरं चिकटलं होतं, ते मी फडक्याने पुसलं. तिथे थांबलो असतो तर कदाचित काही बिघडलं नसतं. तू नेहमी म्हणायचास की ही बीअर माणसाचं बरंच माफ करते. पण दुसऱ्या दिवशी मला वाटलं, कालचा आकडा एकच आहे, उतरते की नाही ते एका आकड्यावरून कसं कळणार? म्हणून पुन्हा मोजलं. मग रोज. मला त्यात बरं वाटायचं, हेही सांगून टाकतो. तुझ्यासाठी काही करता येत नव्हतं. हे करता येत होतं. सळई सोडायची, वर काढायची, ओल बघायची. तुझ्या मागून जाऊन पुन्हा मोजल्यासारखं.

तू वॉर्डात आलास आणि संध्याकाळी फोन करू लागलास. आवाज पार खोल गेला होता.

"चीफ, पिंप?"

"ठीक आहे."

"आकडा?"

"जिथे ठेवला होतास तिथेच."

हे खरं होतं. तुला विचारायचं असतं तर तुझा फोन रोज येत होता. मी विचारलं नाही.

तू घरी आलास त्या आठवड्यात मी तुझ्याकडे होतो. कपडे अंगावर लोंबत होते, तरी आधी बॉम्ब शेल्टरकडे गेलास. तोटी सोडून ग्लास भरलास. वास घेतलास आणि ग्लास खाली ठेवलास. एक घोटही घेतला नाहीस. मग तो स्वयंपाकघरात नेऊन ओतलास आणि स्वतः विसळू लागलास. माझ्याकडे पाठ होती, नळ चालू होता.

"चीफ, उघडलं नव्हतंस ना?"

"नाही."

नळ बंद केलास. हात पुसलेस, मग ते समोर धरून बघत राहिलास. "मग माझेच हात," म्हणालास. "फळ धुताना काहीतरी राहिलं असणार."

मी म्हटलं, "इथली हवाच वाईट, सुधाकर. मी तुला सांगत होतो." एवढंही मला गिळता आलं नाही. खोटं बोललो आणि वर त्यात जुना वादही जिंकून घेतला.

तू नवीन पिंप घातलं नाहीस. मी एकदोनदा सुचवून पाहिलं. म्हणालास, "दोन वर्षं थांबायचं आणि पुन्हा हेच हात." चिलर विकलास. पंच्याहत्तरी घरातल्या घरात झाली, मी केक खाल्ला. त्या व्हिनेगरचं वहिनींनी चीज केलं, गाळून बाटल्यांत भरला आणि ओळखीत वाटला. सगळे म्हणाले, काय सुरेख व्हिनेगर. माझ्याकडेही एक बाटली आहे. कांदा-काकडीवर मी तो घालून खातो, रोज थोडा. मला त्याची शिक्षाही धड होत नाही, कारण चव खरंच चांगली आहे.

शोकसभेनंतर मी आधी अनुजाला सांगितलं. खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये भेटलो होतो, तिने माझ्यासाठी कोपी, इथली दाट कॉफी, आणली होती. सगळं सांगितलं, सळईपासून नळापर्यंत. तिने माझ्या हातावर हात ठेवला. "काका, इट्स ओन्ली बीअर. डोंट थिंक सो मच, लाह. बाबा वुड हॅव लाफ्ड." तिने अगदी मनापासून माफ केलं, आणि ती माफी माझ्या काही उपयोगाची नव्हती. तू हसला नसतास. तू चिडला असतास, मला दाराबाहेर काढलं असतंस. पंचवीस माणसांत मला काहीबाही बोलला असतास. तसं चिडायला ती गोष्ट काय होती हे माहीत असावं लागतं, आणि तसं माहीत असलेलं कोणी आता उरलं नाही.

वहिनींकडे गेलो तेव्हा त्या मटार सोलत होत्या. मी बोलत असताना त्यांचे हात थांबले नाहीत. माझं संपल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तेव्हाच सांगितलं असतंत तर ते तुमच्याशी महिनाभर बोलले नसते."

"हो, वहिनी."

"आणि दुसऱ्या दिवशी नवीन घातलं असतं."

त्यांनी शेंगांची सालं गोळा केली. "हात बिघडले म्हणून बसून राहिले. मी म्हणायचे, अहो, काहीतरी करा, दिवसभर नुसतं खिडकीत काय बसता? तर म्हणायचे, नलू, आता माझ्या हातून नीट होत नाही. चहासुद्धा मलाच करायला सांगायचे. नळ दुरुस्त करायला माणूस बोलावला आम्ही. यांच्या घरात!"

हे मला माहीत नव्हतं. खिडकीत बसलेलं तुला मी पाहिलं होतं तसं, पण मी ते ऑपरेशनच्या खात्यावर टाकलं होतं. मला वाटत होतं की मी तुझी बीअर घालवली. वहिनींनी ते बोलून दाखवेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही की एका "नाही"ने मी तुझे हात काढून घेतले. इंजिनाचा बिघाड नुसत्या स्पर्शावरून ओळखणारे हात. बीअर आणखी दोन वर्षांनी झाली असती. झाली नसती तरी तू तिची वाट बघत असतास, आणि वाट बघण्यातच तुला सगळं मिळत होतं हे अँटवर्पपासून मला माहीत होतं.

मी निघालो तेव्हा वहिनी दारापर्यंत आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ते पिंप तेवढं घेऊन जा. मला घरात नको." रागावून नाही, थकून. पुन्हा या असं त्या दर वेळी म्हणतात. या वेळी म्हणाल्या नाहीत. मी वाट बघतो आहे, पण मला नाही वाटत त्या म्हणतील.

पिंप आता माझ्याकडे खिडकीखाली आहे. रिकामं. रिकामं पिंप कोरडं पडू द्यायचं नसतं, हे तूच सांगितलं होतंस. लाकूड आकसतं, फळ्या सुटतात, मग ते कशाच्याच कामाचं राहत नाही. बूच काढून आत पाणी भरून ठेवायला हवं. हे मला माहीत आहे, बादली शेजारी आणून ठेवली आहे. रोज सकाळी तिथे जाऊन उभा राहतो. पण बुचाला हात लावायला गेलो की तुझ्या स्वयंपाकघरातला चालू नळ ऐकू येतो आणि हात मागे येतो.

काल वरची लोखंडी पट्टी सैल होऊन खाली घसरली. मी ती ठोकून जागेवर बसवली. आज सकाळी पुन्हा घसरली होती. फळ्यांमध्ये नख जाईल इतकी फट दिसते.

तू म्हणाला होतास, उघडावंसं वाटलं तर आधी मला विचार.

सुधाकर, उघडू का?